गाडीतला गोंगाट आणि आपली सोशीकता

आगगाडीतल्या गोंगाटाविषयी तक्रार करणे हा सुशिक्षित प्रवाशांचा जुना छंद आहे आणि आम्हीही त्यात कोणाच्या मागे नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या मार्गावरचा साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा टप्पा आमच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातला. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी ही स्थानके आता डोळे मिटूनही ओळखता येतात. तेव्हा तक्रारीचा अधिकार आम्ही तिकिटाचे पैसे भरून मिळवलेला आहे. परंतु या तक्रारीच्या तळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जो आवाज आपल्याला असह्य होतो तो निमूटपणे सोसणे हा ख्रिस्ती सद्गुण म्हणावा की दुर्बलता? आणि तो कधी सद्गुण व कधी दुर्बलता ठरत असेल, तर कोणत्या वेळी काय हे कसे ओळखावे?

गाडीचे स्वतःचे आवाज आधी बाजूला काढू. पूर्वी रूळ साधारण 13 मीटर लांबीच्या तुकड्यांचे असत. उन्हाने लोखंड प्रसरण पावते म्हणून दोन तुकड्यांमध्ये फट ठेवावी लागे आणि प्रत्येक चाक त्या फटीवरून जाताना ठोका देई. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारे एकेक चाक सेकंदाला एकाहून अधिक ठोके देत असे. आता लांबच लांब रूळ वेल्डिंगने सांधलेले असल्याने तो ठेका बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला आहे. त्या खडखडाटाने ज्यांना त्या काळी झोप येत नसे, तेच आज त्याच्या आठवणीने हळवे होतात. शिटीचेही असेच. फाटकाच्या अलीकडे रुळालगत 'सी/फा' अशी अक्षरे असलेली पाटी असते. ती पाटी दिसली की चालकाने शिटी वाजवायची असते. उसाच्या हंगामात मसूर-ताकारीच्या बाजूला फाटकांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागलेली असते. मध्यरात्री आपली झोप मोडणारी ती शिटी त्या गाडीवानासाठी असते. हे एकदा ध्यानात आले की तिच्यावर रागावणे जड जाते.

राग येतो तो माणसांच्या आवाजाचा. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर याने 1851 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखसंग्रहात गोंगाटावर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. रस्त्यावरच्या गाडीवानांच्या चाबकाचा फटकारा हा त्याचा मुख्य शत्रू. आवाज सोसण्याची माणसाची शक्ती त्याच्या बुद्धीच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्याचे मत होते. हे मत वाचताच प्रत्येक चिडखोर वाचकाला आपण बुद्धिमान असल्याचा साक्षात्कार होतो. त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा हेच असावे.

आमचा अनुभव वेगळा आहे. आमच्या कानांना चहावाल्याची आरोळी खुपत नाही, भेळवाल्याच्या डब्यावरची टकटक खुपत नाही, लहान मुलाचे रडणेही फार खुपत नाही. खुपतो तो मोबाईल. पूर्वी ट्रान्झिस्टर होता, मग कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला, आता प्रत्येकाच्या हातात हे यंत्र आहे. समोरचा गृहस्थ बोटाने पडदा सरकवीत असतो आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी नवे गाणे, नवा विनोद, तेच ते ध्वनिमुद्रित हसणे डब्यात सांडत असते. हा आवाज भेळवाल्याच्या आरोळीहून पुष्कळदा लहानच असतो. मग तो अधिक का टोचतो? आम्हाला वाटते, भेळवाला आपल्याशी बोलत असतो. त्याच्या आरोळीत आपण आहोत. आपण 'नको' म्हणू शकतो आणि तो पुढे जातो. मोबाईलवाल्याच्या लेखी मात्र आपण तिथे नसतोच. आपल्या अस्तित्वाची कोणी दखल घेऊ नये ही गोष्ट माणसाला आवाजापेक्षा अधिक झोंबते. म्हणजे चिडीचे मूळ कानात कमी आणि अहंकारात जास्त आहे, हे मान्य करायला हवे.

अहंकाराचा विषय निघाला की आपल्या वाचकांना लिझ्यूच्या संत तेरेझेची आठवण होणारच. ही कार्मेल मठातील तरुण धर्मभगिनी. क्षयाने जर्जर झालेली असताना 1897 च्या उन्हाळ्यात तिने आपल्या आत्मचरित्राचा शेवटचा भाग लिहिला आणि त्याच वर्षी 30 सप्टेंबरला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती प्रभूकडे गेली. त्या पानांत तिने एका आवाजाची हकीकत सांगितली आहे. सायंकाळच्या मनन-प्रार्थनेच्या वेळी तिच्याजवळ बसणारी एक भगिनी सतत एक चमत्कारिक बारीक आवाज करी, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. तेरेझेचे कान तीक्ष्ण. मागे वळून एकदाच रोखून पाहावे म्हणजे तो आवाज थांबेल, असा तिला मोह होई. तिने पाहिले नाही. घामाने अंग भिजेपर्यंत ती तो आवाज सोशीत राहिली. पुढे तिने एक युक्ती काढली. तो आवाज टाळण्याचा प्रयत्न सोडून ती तो लक्षपूर्वक ऐकू लागली, जणू काही ते उत्तम संगीत आहे, आणि ती मैफल तिने प्रभू येशूला अर्पण केली.

या हकिकतीतील प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो. आवाज गोड झाला असे ती म्हणत नाही. युद्ध शेवटपर्यंत चालूच होते. आणि आवाजाचे संगीत करणे ही कल्पना आमच्या या मार्गावर तरी अपरिचित वाटू नये. मिरजेत तंबोरे घडवतात. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात हे काम उचलले आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. तार घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करीत झणझणते आणि त्या झणझणीतून स्वर भरून येतो. याला जवारी म्हणतात. गाडीच्या सैल खिडकीची झणझण आणि तंबोऱ्याची झणझण यांत भौतिकशास्त्राने काढता येईल असा फरक असेलही. परंतु एका झणझणीला आपण दोष म्हणतो आणि दुसरीसाठी कारागिराला पैसे मोजतो, एवढे खरे. तेरेझेने एक धागा आपल्या मनात सरकवला होता.

तर मग प्रश्न सुटला का? उपवासकाळात आपण जसे एखादे सुख सोडतो, तसे डब्यातला गोंगाट अर्पण करून गप्प बसावे का? पुष्कळ भाविक माणसे असेच करतात आणि आम्हीही तसे केले आहे. परंतु येथे एक गोष्ट निसटते, ती म्हणजे तेरेझेच्या शेजारच्या त्या आवाजाचा त्रास तिच्या सांगण्यानुसार तिला एकटीलाच होत होता. जे तिने अर्पण केले ते तिचे स्वतःचे होते.

डब्यात आपण एकटे नसतो. या मार्गावर तर नाहीच. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून मिरज हे रुग्णांचे गाव झाले आणि त्यानंतर तिथे कितीतरी रुग्णालये उभी राहिली. सातारा-कराडकडून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे रोगी घेऊन मिरजेस उतरतात. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात नेहमी कोणीतरी असे असते: मांडीवर एक्स-रेचे पाकीट धरून बसलेला शेतकरी, पदराने तोंड झाकून आडवी झालेली म्हातारी, शस्त्रक्रियेनंतर परत निघालेले कोणी. डोके दुखत असलेल्या त्या म्हातारीच्या कानाशी कोणाचा तरी मोबाईल वाजतो आहे. अशा वेळी आम्ही डोळे मिटून तो आवाज प्रभूला अर्पण करतो, तेव्हा नेमके काय अर्पण करतो? स्वतःचा त्रास अर्पण केला हे ठीक. पण म्हातारीचा त्रासही आम्ही परस्पर देऊन टाकला, आणि तो देण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला नव्हता. स्वतःच्या गालावर बसलेली चपराक सोसून दुसरा गाल पुढे करावा, ही प्रभूची शिकवण. शेजाऱ्याचा गाल पुढे करण्याची मुभा तीत कोठे आढळत नाही.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की सोशीकता ही ज्याची त्याची मिळकत आहे. आपली हवी तेवढी खर्चावी. दुसऱ्याच्या खात्यातून काढू नये. आणि पुष्कळदा ज्याला आपण सोशीकता म्हणतो ती भिडस्तपणाची सोज्ज्वळ बहीण असते. भांडण नको, चारचौघांत शोभा नको, एवढेच तिचे मर्म असते.

कायद्यालाही हा पेच पडलेला दिसतो. 1989 च्या रेल्वे कायद्याने धूम्रपानाविषयी एक मार्मिक तरतूद केली होती: डब्यातील दुसऱ्या कोणा प्रवाशाने हरकत घेतली, तर धूम्रपान करता येणार नाही. पुढे सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरच बंदी आली हा भाग वेगळा. परंतु त्या जुन्या कलमात सगळा भार हरकत घेणाऱ्याच्या जिभेवर होता. तो गप्प राहिला की धूर कायदेशीर. जानेवारी 2022 मध्ये रेल्वेने रात्री 10 नंतर मोठ्याने गाणी वाजवण्यास व मोठ्याने फोनवर बोलण्यास मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. सूचना चांगल्या आहेत. पण त्या तपासनीसाला आठवण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी तोंड उघडावे लागते.

तोंड उघडण्यापूर्वी मात्र स्वतःच्या घराकडे पाहणे भाग आहे. आषाढीच्या दिवसांत मिरजेहून पंढरपुराकडे जाणाऱ्या गाड्यांत टाळ-मृदंग चालतो, वसई-विरारच्या लोकलमध्ये भजनी मंडळे बसतात, आणि आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. तीच माणसे वेलांकनीच्या किंवा जुन्या गोव्याच्या यात्रेला निघाली की साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशी रोझरी म्हणतात आणि समोरच्या बाकावरचा परधर्मीय खिडकीकडे तोंड फिरवून का बसला आहे, असा विचारही त्यांच्या मनाला शिवत नाही. प्रार्थना आपली असली की तिचा गोंगाट आपल्याला ऐकू येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली या विषयावर दिलेला महत्त्वाचा निकाल चेन्नईतील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्याच प्रकरणात होता, हे आपण विसरू नये. ध्वनिवर्धक व ढोल यांनी इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. ते मंदिर आपल्या पंथाचे नव्हते, असे म्हणून सुटका करून घेता येईल. पण मग वारकऱ्यांना बोलण्याचे कारणही उरत नाही.

दुसरीही एक अडचण आहे आणि ती आम्हाला अधिक सलते. डब्यात एखादा अंध गायक शिरतो. गळ्यात पेटी किंवा हातात दोन फरशीचे तुकडे, आवाज फाटलेला, गाणे जुने. मोबाईल न थांबवणारे लोकही त्याला 'पुढे जा' म्हणतात. रेल्वे कायद्याच्या 144 व्या कलमानुसार गाडीत भीक मागण्यास मनाई आहे, म्हणजे कायदाही त्याच्या बाजूने नाही. आजारी म्हातारीच्या नावाने आम्ही यालाही गप्प करावे काय?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवरचा प्रसंग आहे. प्रभू येशू आणि त्याच्याबरोबरचा मोठा समुदाय यरुशलेमकडे निघालेला. वाटेच्या कडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसला होता. तो ओरडू लागला. पुष्कळांनी त्याला गप्प राहण्यास दटावले, तेव्हा तो अधिकच ओरडला. तो ओरडणे कर्कश नव्हते असे शुभवर्तमान कोठेही सांगत नाही. दटावणारे लोकही दुष्ट नसावेत. गुरूची वाट अडू नये, त्याचे बोल आपल्याला नीट ऐकू यावेत, एवढीच त्यांची इच्छा असेल. येशू मात्र थांबला, आणि ज्यांनी त्याला दटावले त्या जमावालाच त्याला बोलावण्यास सांगितले. मग तुला काय हवे, असे त्याने त्या आंधळ्याला विचारले.

तेव्हा डब्यातला आवाज किती मोठा आहे, यापेक्षा तो कोणाचा व कशासाठी आहे हे आधी पाहावे लागते. एकाला कोणी ऐकत नाही म्हणून तो ओरडतो. दुसऱ्याला कोणी ऐकत असेल याची जाणीवच नाही. पहिल्याला नाणे देऊन किंवा नुसते दोन शब्द बोलूनही त्याचा आवाज खाली आणता येतो, आणि तेही म्हातारीसाठीच केल्यासारखे होते. हा भेद नेहमी इतका स्वच्छ नसतो, हे आम्ही जाणतो. रात्रभर फोनवर मोठ्याने बोलणारा माणूस कधी कधी घरी कोणी दगावल्याची वार्ता नातेवाइकांना कळवीत असतो. म्हणूनच आधी विचारावे लागते, रोखून पाहण्याने भागत नाही. तेरेझेने टाळली ती नजरच होती; शब्द नव्हेत.

विचारावे कसे, याबाबतीत या भागातली साधी माणसे आमच्याहून पुढे आहेत. आमची सुशिक्षित विनंती 'एक्स्क्यूज मी' पासून सुरू होते आणि तिच्यात सभ्यतेपेक्षा कायद्याचा वास अधिक येतो. कराडला चढलेली एक बाई, कडेवर नातू, डोक्यावर बोचके, बसायला जागा नाही अशी उभी होती. बाकावर तिच्या ओळखीचे कोणी नव्हते. वाजणाऱ्या मोबाईलकडे तिने क्षणभर पाहिले आणि त्या तरुणाला म्हणाली, "पाव्हणं, म्हातारीला बरं न्हाय जणू, तेवढं बारीक करा की." तरुणाने प्रथम तिच्याकडे, मग आडव्या झालेल्या म्हातारीकडे पाहिले. त्याने आवाज बंद केला आणि थोडा सरकून बाईला बाकावर चार बोटे जागा करून दिली. किर्लोस्करवाडीपर्यंत दोघे उसाच्या दराविषयी बोलत होते, आणि ते बोलणेही काही हळू चालले होते असे नाही.