वानप्रस्थातील वीणा

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने अरण्याची वाट केव्हा धरावी याची खूण सांगितली आहे: अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे मुख दृष्टीस पडले, की त्याने घरचा कारभार सोडून वनात जावे. या वचनाचा आधार घेऊन आज पुष्कळ लोक वृद्धनिवासाला वानप्रस्थाश्रमाचे नवे रूप म्हणतात, आणि आपल्या मातापित्यांची तेथे व्यवस्था लावून देताना त्या प्राचीन नावाने आपल्या व त्यांच्याही मनाचे समाधान करू पाहतात. असे म्हणणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. घरे लहान झाली, मुले परदेशी गेली, दुखणाइताच्या उशाशी रात्रंदिवस बसणारे माणूस घरात उरले नाही, हे सारे खरे आहे, आणि त्याबद्दल कोणाला दोष देऊन काही साधणारही नाही. परंतु ज्या प्रकरणातून हा दाखला उचलला जातो ते प्रकरण चार श्लोक पुढे वाचले, तर असे दिसते की वानप्रस्थ वनात रिकाम्या हाताने जात नाही. तो आपला अग्नी बरोबर नेतो, तेथेही पंचमहायज्ञ चालवतो, दारी आलेल्या अतिथीला कंदमुळे देतो, स्वाध्याय करतो. प्रपंचाचे ओझे उतरले तरी कर्तव्याचे ओझे त्याच्या खांद्यावर राहतेच, आणि तेच त्याच्या उरलेल्या आयुष्याला आकार देते.

वृद्धनिवासात हे ओझे काढून घेतले जाते, आणि तेही मायेने काढून घेतले जाते, ही त्यातली खरी अडचण आहे. चहा ठरल्या वेळी येतो, गोळ्या ठरल्या वेळी येतात, अंथरूण दुसरे कोणी घालते, जमाखर्च कार्यालय पाहते, आणि ज्यांच्यावाचून घरातले पान हलत नव्हते अशा माणसांना, आता तुम्ही स्वस्थ बसा, एवढेच सांगितले जाते. भूक भागते, औषध मिळते, पंखा फिरत राहतो. पण सकाळी उठल्यावर आपल्यावाचून अडलेले असे एकही काम या जगात नाही, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा 2007 सालचा कायदा या बाबतीत उपकारक आहे यात वाद नाही. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय असलेला एक तरी निवास असावा, अशी योजना त्यात आहे, आणि ज्येष्ठांच्या कल्याणाची व्याख्या करताना अन्न व आरोग्यसेवा यांच्या जोडीने करमणुकीची केंद्रेही त्याने गणली आहेत. कायद्याने यापेक्षा अधिक सांगावे अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र त्यामुळे संस्थांच्या दप्तरी गाणे करमणुकीच्या खाती जमा होते आणि तेथेच राहते, ही वहिवाट मला मान्य नाही. वृद्धांनी मिळून गाणे हा धर्माचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार धर्माच्या पातळीवरच झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्यावर पहिली हरकत अध्यात्माकडूनच येईल, आणि ती वजनदार आहे. उतारवय हे आवराआवरीचे वय. तेव्हा माणसाने समुदायातून अंग काढून घ्यावे आणि मन आत वळवावे, असे आपल्या परंपरेने वारंवार सांगितले आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना एकांतस्थळी राहणे आणि लोकांच्या गर्दीत रुची नसणे ही दोन लक्षणे स्पष्टपणे घातलेली आहेत. परंतु त्याच गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या भक्तांचे वर्णन करतात तेव्हा ते भक्त एकमेकांना बोध करतात, परस्परांशी त्याच्याचविषयी बोलतात आणि त्या बोलण्यात संतोष पावतात, असे ते सांगतात. ही दोन वचने एकमेकांना छेद देत नाहीत. पहिल्यात ज्या गर्दीचा वीट सांगितला आहे ती स्वार्थाने जमलेली गर्दी आहे. दुसऱ्यात ज्या मेळ्याची गोडी सांगितली आहे तो एका ध्येयाने जमलेला मेळा आहे. शिवाय ज्ञानी पुरुषाचा एकांत त्याने स्वतः निवडलेला असतो. खिडकीशी खुर्ची टाकून दुपारभर फाटकाकडे पाहत बसलेल्या वृद्धेने तो निवडलेला नाही; तो तिच्यावर येऊन पडला आहे, आणि आलेल्या दुःखाला साधनेचे नाव दिल्याने ती साधना होत नाही.

दुसरी हरकत संगीताविषयीची. धर्मशास्त्राने ब्रह्मचाऱ्याला नृत्य, गीत आणि वादन वर्ज्य केले. मग जे पहिल्या आश्रमात बंधन ठरले ते शेवटच्या आश्रमात साधन कसे ठरेल? याचे उत्तर धर्मशास्त्रातच आहे, आणि ते फार थोड्यांच्या वाचनात आलेले असते म्हणून जरा विस्ताराने सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, संन्याशाच्या धर्माचे विवेचन चालू असताना, स्मृतिकार सामगानाचा आणि त्याच्या जोडीने काही प्राचीन गीतप्रकारांचा उल्लेख करतो, आणि वीणावादनाचे मर्म, श्रुती, जाती व ताल जाणणारा माणूस सायासावाचून मोक्षाच्या मार्गाला लागतो, असा स्वच्छ निर्वाळा देतो. हे विधान विद्यार्थ्याच्या किंवा गृहस्थाच्या प्रकरणात आलेले नाही, ज्याने सर्व सोडले आहे त्याच्या प्रकरणात आले आहे, याकडे लक्ष द्यावे. त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर असा खुलासा करतो की ज्याचे चित्त निराकाराच्या ध्यानात रमत नाही त्याने शब्दब्रह्माची उपासना करावी. ज्या मिताक्षरेच्या आधारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाटणीचे दावे चालले आणि जमिनीचे हिस्से मुक्रर झाले, तिनेच वडिलांच्या उत्तरायुष्यासाठी ही तरतूद करून ठेवली आहे. पहिली आपण उचलली आणि दुसरीकडे पाहिलेही नाही. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी श्रीकरणाधिप म्हणून राज्याचे हिशेब सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा स्वरांचे विवेचन करण्यापूर्वी त्याने मानवी देह कसा घडतो हे सांगणारे एक स्वतंत्र प्रकरणच घातले. नाद देहातून उठतो, म्हणून नादाची विद्या देहाच्या ज्ञानापासून सुरू होते, ही त्याची दृष्टी होती, आणि देह थकत चाललेल्या माणसाच्या संदर्भात ती फार मोलाची आहे.

महाराष्ट्राने या विचाराला ग्रंथातून उचलून मंडपात आणले. अखंड नामसप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकू द्यायची नाही असा दंडक आहे. दिवसरात्रीचे पहारे वाटून घेतलेले असतात, आणि पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो व दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, मग त्यात वयाने थोरला कोण आणि धाकटा कोण हे पाहिले जात नाही. मध्यरात्रीनंतरचा पहारा बहुधा म्हातारे आपण होऊन मागून घेतात. वृद्धापकाळी झोप उडते, ही घरात तक्रार असते; तीच झोप उडणे सप्ताहात कामी येते, कारण गाव निजलेले असताना नाम खंडू नये याची जबाबदारी त्या जाग्या माणसावर असते. शरीराच्या एका उणिवेला समाजाने पद दिले. हा पहारा म्हणजे त्या मनूच्या वानप्रस्थाने बरोबर नेलेला अग्नीच होय. तो राखणारा माणूस कितीही जर्जर असला तरी निरुपयोगी नसतो.

आधुनिक संशोधनाने या अनुभवाला जो दुजोरा दिला आहे तो जेवढा आहे तेवढाच सांगावा. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रोग्यांना जे शब्द बोलता येत नाहीत ते चालीवर गाता येतात, हे वैद्यांना पुष्कळ काळ ठाऊक होते, आणि 1973 साली बोस्टनमधील तज्ज्ञांनी त्यावरून एक उपचारपद्धती बसवली. स्मृतिभ्रंशातही तरुणपणी कंठस्थ झालेली गाणी बरीच उशिरापर्यंत टिकतात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात 12 ज्येष्ठ नागरिक केंद्रांतून 390 वृद्धांचे एक मोठे परीक्षण झाले आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिने समूहाने गायल्यानंतर त्यांच्या बुद्धीच्या किंवा शरीराच्या सामर्थ्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र त्यांचे एकाकीपण कमी झाले होते आणि जगण्यातला रस वाढला होता. ज्यांनी गाण्याकडून औषधाची अपेक्षा केली असेल त्यांना हा निकाल अपुरा वाटेल. मला तो अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. गाण्याने गुडघे बरे झाले नाहीत, विसरलेली नावे परत आली नाहीत, आणि तरीही माणसाला उद्याचा दिवस हवासा वाटला; देहाच्या स्थितीवर अवलंबून नसलेले असे काही माणसात आहे, हे सांगण्यासाठी तत्त्वज्ञांनी ज्या युक्त्या लढवल्या त्यांच्या शेजारी हा साधा निष्कर्ष ठेवण्यासारखा आहे.

इटलीतील मिलान शहरात ज्युझेप्पे व्हेर्दी या थोर संगीतकाराने वृद्ध आणि निर्धन गायक-वादकांसाठी एक निवास बांधला. इमारत 1899 मध्ये पुरी झाली होती, परंतु रहिवाशांनी आपले आभार मानीत राहावे हे त्याला नको होते, म्हणून आपल्या हयातीत ती उघडू नये अशी त्याने व्यवस्था केली. जानेवारी 1901 मध्ये तो वारला आणि ऑक्टोबर 1902 मध्ये पहिले रहिवासी तेथे राहायला आले. आपल्या संगीतनाट्यांच्या हक्काचे उत्पन्न त्याने त्या घराला लावून दिले, आणि त्याची व त्याच्या पत्नीची समाधी त्याच वास्तूत आहे. अलीकडे संगीत शिकणारे तरुणही तेथे वृद्धांच्या सोबतीने राहतात. दान घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढी काळजी घेणारा दाता विरळा. आपल्याकडे सणासुदीला दाते वृद्धनिवासात गाणाऱ्यांचा ताफा घेऊन येतात, खुर्च्या ओळीने मांडल्या जातात, दोन तास कार्यक्रम होतो, फळे वाटली जातात. यात सद्भाव आहे, आणि तो मोडावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दोन तासांत वृद्ध पुन्हा घेणाऱ्यांच्याच रांगेत बसलेले असतात. ज्या नवविधा भक्तीत श्रवणाच्या पाठोपाठ कीर्तन सांगितले आहे, तिच्या दुसऱ्या पायरीवर त्यांना कोणी चढू देत नाही.

ती पायरी किती जवळ असते याचे एक उदाहरण मी पाहिले आहे. एका वृद्धनिवासात संध्याकाळी हरिपाठ चालला होता. पेटी एक निवृत्त शिक्षक वाजवीत होते, आणि त्यांचा हात संधिवाताने अडखळला की बाकीची मंडळी न सांगता लय सावकाश करीत होती. पुढच्या ओळीत एक बाई बसल्या होत्या. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला होता. टाळाची दोरी सोडून त्यातला एक टाळ त्यांनी डाव्या हातात घेतला होता, दुसरा शेजारणीने आपल्या उजव्या हातात धरला होता, आणि दोघींनी मिळून तो वाजवायचा अशी त्यांची रोजची रीत होती. शेजारीण एके दिवशी तापाने खोलीत पडून राहिली, तेव्हा या बाई चाकांच्या खुर्चीतून तिच्या दाराशी गेल्या आणि टाळ अडला आहे, उद्या यायला हवे, असे सांगून आल्या, ही हकीकत मला तेथील परिचारिकेने सांगितली. त्या एका निरोपात जे होते ते कोणत्याही सेवाशुल्कात बसत नाही.

असे सहगान विठ्ठलाच्याच नावाने झाले पाहिजे असा आग्रह मी धरणार नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेची जी घडी बसवली ती सर्व पंथांच्या माणसांनी एकत्र बसावे यासाठीच होती; गोव्यातील ख्रिस्ती घरांत क्रुसासमोर जमून लादीन गातात, तेव्हा शेजारपाजारच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा सूर त्यात असतोच; आणि ज्याची देवावर श्रद्धा नाही त्यालाही नाट्यपद किंवा भावगीत आपल्या जिवाचे वाटू शकते. त्याचप्रमाणे ज्याला खरोखरच मौन हवे आहे त्याच्यावर गाण्याची सक्ती करणे हा अधर्म ठरेल. त्याची खोली सभागृहापासून दूर असावी आणि वृद्धनिवासात ध्वनिक्षेपकाला मुळीच परवानगी असू नये, एवढी मर्यादा मी आवश्यक मानतो. आवाज वाढवून गाणे वाढत नाही, आणि आजाऱ्याच्या उशाशी कर्णा लावणारे भजन कोणत्याच संताला मानवले नसते.

संस्थांच्या विश्वस्तांना माझी विनंती अशी आहे की त्यांनी एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि दहा-बारा टाळ यांची व्यवस्था करावी, रोजची एक वेळ मुक्रर करावी, आणि त्या वेळेचा सारा बंदोबस्त, पदे निवडण्यापासून सतरंजी घालण्यापर्यंत, रहिवाशांच्या हाती सोपवून आपण बाजूस व्हावे. प्रवेशाच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, शस्त्रक्रिया आणि खर्चाची हमी यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी, आपण काय गाता किंवा काय वाजवता, असाही एक रकाना घालावा, आणि तो मुलाने न भरता ज्याला तेथे राहायचे आहे त्याने स्वतः भरावा.