मडकं टांगावं की नाही

पोपट पाळावेत का, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो आणि त्याचं उत्तर बहुतेकींना पाठ असतं. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. श्रावकांना तर हे त्याच्या कितीतरी शतकं आधी सांगून झालंय. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत पहिलाच 'बंध', म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. तेव्हा विकत आणू नयेत, इथवर वाद नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे. पक्षी घरात आलेलेच असतील आणि त्यांच्या पिल्लांचा विषय निघाला, तर?

आमच्याकडे तो निघाला. दिरांचा मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि बजरीगरची जोडी आमच्याकडे ठेवून गेला. दुकानात ह्यांना 'लव्हबर्ड' म्हणूनच विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट, आणि कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. सोडून दिले तर ते अभयदान होत नाही. त्यांना दाणा शोधता येत नाही, कावळ्या-मांजरापासून जीव वाचवता येत नाही. म्हणून सांभाळायचे. राळे, बाजरी, थोडी कोथिंबीर, रोज ताजं पाणी, आणि दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून खोलीभर उडणं. सूर्यास्तानंतर दाण्याला चोच लावत नाहीत, एवढ्यापुरते ते आमच्याच घरचे.

काही महिन्यांनी नर मादीला चोचीतून भरवायला लागला. ती पिंजऱ्याचे कोपरे कुरतडायला लागली. पुतण्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "काकू, एक मडकं टांगा की आत. त्यांचं ते बघून घेतील."

त्यांचं ते बघून घेतील. हे वाक्य बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

हे पक्षी मूळचे झाडाच्या ढोलीत अंडी घालणारे. तिकडच्या कोरड्या मुलखात पाऊस पडला, गवताला दाणा आला, की त्यांचा विणीचा हंगाम. पिंजऱ्यात आपण टांगतो ते मडकं हीच त्यांची ढोली, आणि रोज भरलेली वाटी हाच त्यांचा पाऊस. दोन्ही आपल्या हातात. मग 'निसर्गावर सोडलं' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही वाटांनी कर्म बांधलं जातं, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. मडकं टांगणं हे कारित आहे. पुढे जे होईल ते माझ्या खात्यावर.

पुढे काय होतं? एका वेळी साधारण ४ ते ६ अंडी, बहुधा एक दिवसाआड एक. सुमारे १८ दिवसांनी पिल्लं, तीही तशीच मागेपुढे. थोरलं आठवड्याचं होऊन जातं तेव्हा धाकटं नुकतंच बाहेर आलेलं असतं. ते चेंगरू शकतं, उपाशी राहू शकतं. अंडं पोटात अडकलं तर मादीच दगावू शकते. पिल्लं जगली तर सहाएक महिन्यांत वयात येतात, आणि भाऊबहीण हे नातं ती जाणत नाहीत. वर्ष-दीड वर्षात एका पिंजऱ्याचे चार पिंजरे. मग "देऊन टाकू" म्हणायचं. कुणाला? कुणाच्या नातवाला वाढदिवसाला, कुणाला गृहप्रवेशाला. दर भेटीबरोबर एका नव्या घरात एक पिंजरा जाणार.

स्वयंपाकघराच्याही अडचणी आहेत. पिल्लांच्या दिवसांत उकडलेलं अंडं भरवा, हा पक्षी पाळणाऱ्यांचा नेहमीचा सल्ला. चुन्यासाठी 'समुद्रफेस' लावा म्हणतात. तो फेस नसून माकूळ नावाच्या समुद्रातल्या प्राण्याच्या अंगातलं कवच असतं. ह्यावर दुसरे उपाय निघतात, मोडाचे मूग चालतात. माझा निर्णय ह्या अडचणींवर टेकलेला नाही.

तो टेकलाय अंड्यावर. नको असतील तर अंडी उचला, खोटी ठेवा, असंही सुचवतात. ज्यांना ते पटतं त्यांनी करावं. आपल्याकडे गर्भज जिवांत अंडज येतात; फळलेल्या अंड्यात पंचेंद्रिय जीव आलेला आहे, असं आपण मानतो. अंडं घातलं गेलं की मग नाही म्हणायचा हक्क संपला, फक्त सांभाळणं उरलं. म्हणून आपल्या घरात विचार करायची जागा एकच: मडकं टांगण्याआधी.

जाऊबाईंना हे पटलं नाही. "मुक्या जिवाला आई होऊ द्यायचं नाही, हेही पापच की ओ," त्या म्हणाल्या. ह्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कोंडलेल्या जिवाची आणखी एक वाट मी बंद करते आहे. त्याग स्वतःचा असतो. दुसऱ्यावर लादला की ती अडवणूक. तेव्हा ह्या पक्ष्यांकडून मी संयम पाळून घेते, असा आव मी आणत नाही. दोन अडवणुकींतली लहान कोणती, एवढंच मी बघते. आज दोन जीव कोंडलेले आहेत. मडकं टांगलं तर ते सहा होतील, आठ होतील, आणि नव्यांना ह्या पिंजऱ्यात मीच आणलेलं असेल.

पण त्यांच्या वाक्यात मला दुसरंच खुपलं. ते बोलणं चाललं तेव्हा आमच्या नात्यातली एक मुलबाळ नसलेली बाई समोर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. आई झाल्याशिवाय मादीचा जन्म पुरा होत नाही, हे पक्षिणीबद्दल बोललं तरी लागायचं तिथे लागतं. पक्ष्याची ओढ हंगामाची असते, दिवस बदलले की ओसरते. तिच्यात आपण आपल्या मनातलं मातृत्व भरतो आणि त्या नावाखाली आपली पिल्लं बघायची हौस भागवतो.

पैशांचाही विचार कुणी सुचवला. जोड्या विकल्या जातात. हेमचंद्राचार्यांनी १२ व्या शतकात, योगशास्त्रात, श्रावकाने टाळायचे धंदे सांगितले, त्यांत पैशासाठी मैना-पोपट पोसणंही घातलंय. जिची चूल ह्यावर चालते तिला माझ्या भरल्या घरातून बोल लावायला मी जाणार नाही. माझ्यापुरतं मात्र उत्तर स्पष्ट आहे.

मडकं टांगलेलं नाही. जोडी वेगळी केलेली नाही, कारण हे थव्यात राहणारे पक्षी, एकटे खंगतात. संध्याकाळी लवकर पिंजऱ्यावर कापड टाकते. दिवस लहान झाला की विणीची ओढ कमी होते. कुरतडायला पेरूची डहाळी देते. ती अजूनही मधूनमधून कोपरा शोधते, आणि ते बघताना बरं वाटत नाही. एवढं करूनही पिंजऱ्याच्या तळाला एखादं अंडं आलंच, तर ते कुणी उचलणार नाही. पिल्लू झालं तर ते ह्याच घरात म्हातारं होईल, कुणाच्या वाढदिवसाला जाणार नाही. हे पुतण्यालाही सांगून ठेवलंय.