वेतन आणि मत

वेतन स्वीकारणाऱ्याने आपले मतही चालकांच्या स्वाधीन केले, असे मानावे काय? या प्रश्नाला एकाच घराण्याच्या इतिहासात दोन उत्तरे मिळाली आहेत.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. मुरुड गावाने त्यांना बहिष्कृत केले. परंतु पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील त्यांची गणिताची प्राध्यापकी १९१४ पर्यंत टिकली. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव हेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि स्त्रीच्या देहावर तिचाच अधिकार असल्याचे ते उघडपणे सांगू लागले. विल्सन महाविद्यालयाच्या चालकांना हे रुचले नाही. १९२५ मध्ये रघुनाथरावांना नोकरी सोडावी लागली.

संस्थेला आपल्या लौकिकाची चिंता असणे स्वाभाविक आहे. वर्गाचा वेळ स्वमतप्रचारात जात असेल, तर जाब विचारणेही योग्यच. परंतु शिक्षकाच्या सामाजिक मताने गणिताचे उत्तर चुकत नाही.

आज आपल्या घरांतील कन्याही प्राध्यापिका होण्याची आकांक्षा धरितात. स्त्रीपुरुषसमतेचा पुरस्कार केला म्हणून त्यांपैकी कोणाची बढती अडली, तर शिक्षा तिच्या एकटीपुरती राहत नाही. पोट सांभाळूनच सत्य बोलावे, हा धडा साऱ्या वर्गाला मिळतो. तिचे मत न पटल्यास ते युक्तिवादाने खोडावे. तिच्या कामाचे मोजमाप मात्र कामावरूनच करावे. उद्या हट्ट्यातील आपणापैकी कोणी एखाद्या शाळेच्या चालकमंडळावर बसेल, तेव्हा या पितापुत्रांचे स्मरण असावे.