दिवा कोणी लावला?

हिमायतनगरच्या, म्हणजे जुन्या वाढोण्याच्या, एखाद्या गृहस्थाने देवघरात एलईडीची पट्टी लावावयाचे ठरविले आणि ती सांजवेळी आपोआप उजळविणारा नियंत्रक कोणता घ्यावा असे विचारले, तर तो प्रश्न निव्वळ बाजारहाटाचा आहे असे मला वाटत नाही. मनुष्याचा हात न लागता जो दिवा लागला तो लावला कोणी, हा धर्मविचारातला जुना प्रश्न त्यात अंतर्भूत आहे.

मीमांसकांनी यज्ञाच्या निमित्ताने त्याचा कसून खल केलेला आहे. यज्ञाचे फळ यजमानाला मिळावयाचे, तर त्यातील सारी कृत्ये त्यानेच स्वहस्ते करावयास नकोत काय, अशी शंका जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात उपस्थित होते. आणि निर्णय असा होतो की, द्रव्याचा त्याग मात्र यजमानाने स्वतः केला पाहिजे, बाकीची कृत्ये दक्षिणेने परिक्रय केलेल्या ऋत्विजांनी केली तरी कर्म यजमानाचेच राहते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएलांच्या धर्मातही शब्बाथाला अग्नी पेटविणे वर्ज्य असल्यामुळे दिवा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच लावतात, आणि आज अनेक ज्यू घरांतून विजेच्या दिव्यांचे घड्याळ आदल्या दिवशीच लावून ठेवण्याची चाल आहे. संकल्प गृहस्थाचा असला म्हणजे यंत्राने केलेले कृत्य त्याचेच ठरते, हे मला मान्य आहे.

परंतु संकल्प खरोखर त्याचाच उरतो काय? पुष्कळ नियंत्रकांची रचना अशी असते की, घरात मोबाईलवर दिलेला हुकूम प्रथम दूरदेशीच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तेथून परत फिरून त्याच खोलीतल्या पट्टीला पोचतो. २०२२ च्या एप्रिलात अमेरिकेतील इन्स्टिऑन कंपनीने आपले सर्व्हर एकाएकी बंद केले, तेव्हा दाम मोजून घेतलेल्या उपकरणांवरील अंमल मालकांच्या हातून निसटला. पुढे जुन्या ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा चालू केली. जो ऋत्विज यजमानाची आज्ञा परक्याच्या मंजुरीखेरीज पाळीत नाही, त्याच्या हातचे कर्म यजमानाचे म्हणता येईल असे मला वाटत नाही. दख्खनच्या मध्ययुगीन शिलालेखांतून देवालयाच्या दिव्यासाठी घाण्यामागे तेल लावून दिल्याच्या नोंदी आढळतात, आणि दिवाबत्तीसाठी इनाम जमिनी देण्याची वहिवाट तर थेट निजामी अमलापर्यंत होती. त्या व्यवस्थेत तेल देणारा आणि दिव्याची निगा राखणारा, दोघेही गावच्या हाकेच्या अंतरावर असत.

तेव्हा नियंत्रक निवडताना, इंटरनेट तुटले असता तो घरातल्या घरात हुकूम मानतो की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. ईएसपी-३२ चिपवर चालणारी डब्ल्यूएलईडी ही मुक्त प्रणाली ही अट पुरी करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेले ‘मॅटर’ हे मानकही स्थानिक जाळ्यावर आधारलेले आहे. माळवदाच्या घरांतील मातीच्या जाड भिंतींतून वायफायचा संकेत क्षीण होतो, म्हणून राउटरपासून नियंत्रकापर्यंत मध्ये भिंती जितक्या थोड्या येतील तितके बरे. पट्टी बारा व्होल्टची असेल तर नियंत्रक आणि अ‍ॅडॉप्टर त्याच दाबाचे हवेत, मीटरला १४.४ वॅट खाणारी पाच मीटर पट्टी ७२ वॅट, म्हणजे सहा अँपिअर ओढते, आणि मराठवाड्यातला उन्हाळा ध्यानात घेता अ‍ॅडॉप्टर नव्वद वॅटांहून कमी घेऊ नये. पट्टी लांब असेल तर दूरचे टोक मंद पडते. तेथे चोवीस व्होल्ट श्रेयस्कर. गेलेली वीज मध्यरात्री परत आली की काही नियंत्रक सारे घर पांढऱ्याफेक प्रकाशाने उजळून टाकतात. पूर्वस्थिती स्मरणात ठेवणारा नियंत्रक मागून घ्यावा.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. यांपैकी पुष्कळ यंत्रांत स्वतःचे बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. ती वेळ इंटरनेटवरून घेतात. वीज जाऊन आली आणि जाळे मात्र आले नाही, तर सांज झाल्याचे त्यांना कळतच नाही. अशा संध्याकाळी घरातल्या माणसालाच उठावे लागते. म्हणून नियंत्रक बसविताना कारागीर भिंतीवरचे जुने बटण काढून टाकू म्हणाला, तर मी त्याला साफ नकार देईन.