वतनाचा वाटा

शास्त्रपाठ : गणना २७:१-११



सलाफहादाला मुलगा नव्हता. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याचे नाव व वतन बुडाले असते. परंतु त्याच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, याजक व सरदार यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. मोशेने ती गोष्ट परमेश्वरापुढे नेली. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. इतकेच नव्हे, तर सर्व इस्राएलासाठी तसा नियमच घालून दिला.

हा पाठ वाचताना कोविडची साथ आठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे आरोग्य व समाजसेवेच्या कामात जगभर सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत; वरिष्ठ पदांवर मात्र सुमारे २५ टक्केच. २०२० साली शाळा बंद झाल्या. रुग्णसेवा करून घरी परतलेल्या डॉक्टर भगिनीपुढे मुलांचा अभ्यास, चूल आणि वृद्धांची शुश्रूषाही उभी राहिली. त्या पहिल्या लाटेत कोविडविषयक वैद्यकीय निबंधांत स्त्रियांच्या नावांचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा घटले. बढतीच्या वेळी निबंध मोजले जातात. ते का राहिले, हे सहसा विचारले जात नाही. साथ ओसरली, पण हुकलेली वर्षे तिच्या नावावर तशीच राहिली.

मार्च २०२० मध्ये आपण टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. ते योग्यच होते. पण सलाफहादाच्या मुलींनी स्तुती मागितली नव्हती, वाटा मागितला होता.

वाटा देणे मंडळीला अपरिचित नाही. १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीच्याच वर्षी, डॉ. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय उघडले. त्यांनी स्त्रियांची नुसती कीव केली नाही. त्यांच्या हाती विद्या व अधिकार दिला.

मग आज आपण काय करावे? जे रुग्णालयांच्या व महाविद्यालयांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी नेमणूक व बढती ठरविताना साथीत खंड पडलेली वर्षे वगळून हिशोब करावा. घरातील पुरुषांनी आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची पाळी घ्यावी. आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलींना आपण डॉक्टर व्हा असे सांगतो. पण मुलांना आपले ताट उचलावयास शिकवितो काय?

दाराशी उभी राहिलेली बहीण दया मागत नाही. तिचे म्हणणे देवापुढे नेण्याची मोशेची नम्रता आणि देवाने सांगितले तसे करण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो. आमेन.