पुस्तकाबाहेरचा रावण

खेळाचं नियमपुस्तक सुधारून नव्याने छापलं की खेळणाऱ्यांत दोन तट पडणार हे ठरलेलंच. २०२४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाने पन्नाशी गाठली, त्याच वर्षी त्याचं मुख्य पुस्तक सुधारित रूपात बाजारात आलं आणि तेव्हाही तेच झालं. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. चार-सहा जण एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. एक जण गोष्ट सांगतो, प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ‘बोल, आता तू काय करणार?’ ज्याचं पात्र त्याने त्या क्षणी सुचेल ते बोलायचं. तलवारीचा वार बसला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकी सगळा मामला तोंडी. असल्या तोंडी खेळाला तीन जाडजूड पुस्तकं लागतात आणि ती दर काही वर्षांनी बदलतात, हे ऐकून आपल्याकडे कोणी हसलं तर नवल नाही. सांगलीकराने मात्र हसू नये. त्याच्या गावात हा खेळ १८४३ साली होऊन गेलाय. फासा तेवढा नव्हता.

त्याआधी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना प्रकार आवडला, पण ओबडधोबड वाटला. असंच काहीतरी, पण नीटनेटकं आणि मराठीत करा, असं त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्या तारखेला आपण दरवर्षी रंगभूमी दिन साजरा करतो, नटराजाला हार घालतो, आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो: त्या नाटकाला संहिता नव्हती. भाव्यांनी लिहिली होती ती पदं. सूत्रधार झांज-मृदंगाच्या साथीत पद म्हणे, त्यात पुढचा प्रसंग सांगे. पद संपलं की रावण झालेला गडी त्याच आशयावर आपल्या मनाने बोले. जनकाने काय उत्तर द्यायचं, ते जनकालाही रावणाचं बोलणं ऐकल्यावरच कळणार.

पुढे या खेळांचा एक साचाच बनला. आधी गणपती, मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती. विदूषक वनचराच्या सोंगात शिरायचा आणि सूत्रधाराची फिरकी घ्यायचा. देवांची बैठक वेगळी, राक्षसांची वेगळी. राक्षस यायचा तो मशालीवर राळ उडवून केलेल्या भडक्यातून, तलवार परजत आणि आरोळ्या ठोकत. पुढच्या पिढीतल्या शिकल्या-सवरल्या लोकांनी या खेळांना ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ अशी नावं ठेवली, ती या आरोळ्यांवरून आणि नाचावरून. नावं ठेवणाऱ्यांना आरडाओरडाच दिसला. त्या आरडाओरड्याच्या मधल्या जागेत नट काय करत होता, याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

हे सगळं चालायचं ते सूत्रधाराच्या भरवशावर. नट वाहवत गेला की पुढचं पद सुरू करून त्याला आवरायचं, एखाद्याची बोलती बंद झाली की पद लांबवून वेळ काढायचा. टेबलावर गोष्ट सांगणाऱ्या त्या अमेरिकी खेळाडूचं काम याहून निराळं नाही. आणि एका मंडळीत, एका मालकाच्या हाताखाली, त्याच त्या नटांबरोबर खेळ होत असेल तोवर नियम कागदावर हवेतच कशाला? सगळ्यांना ते अंगवळणी पडलेले असतात. नियमाचं पुस्तक लागतं ते अनोळखी माणूस समोर आला म्हणजे.

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले. आश्रय आटला, भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ साली त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ केले. त्यांचं पाहून इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या. साचा सगळ्यांनी उचलला, भावे काही सगळ्यांकडे नव्हते. सूत्रधार कच्चा असला की रावण तास-तासभर बडबडणार आणि सीतेचं लग्न पहाटेपर्यंत लांबणार, हे उघड होतं.

साताऱ्याच्या मातीत पाऊणशे वर्षांनी हीच अडचण वेगळ्या खेळात आली. हुतूतू गावोगाव चाले, पण एका गावाचा नियम दुसऱ्याला मान्य नसे. कुठे संजीवनीचा डाव: समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. कुठे बाद तो बादच, अख्खा संघ संपेपर्यंत. कुठे अमरचा डाव, म्हणजे बाद झालेला मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजायचे. गावातल्या गावात हे खपतं. कराडची पोरं वाईच्या पोरांसमोर उभी राहिली की पहिला अर्धा तास भांडणात. १९२० च्या आसपास साताऱ्यातल्या जाणत्यांनी नियम एकत्र करून घेतले, त्यांत पुन्हा सुधारणा झाल्या आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धा छापील नियमांनी झाल्या. सांगलीतल्या बुद्धिबळाचीही गत तीच. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, असा देशी डाव घराच्या ओटीवर ठीक होता. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात देशभरातून खेळाडू यायला लागल्यावर आंतरराष्ट्रीय नियमांशिवाय गत्यंतर नव्हतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तोही तीन बारक्या पुस्तिकांचा, पहिल्या खेपेला हजार प्रती. ज्याने आधी कोणाबरोबर बसून खेळ पाहिला नाही त्याला त्या वाचून फारसं काही उमगत नसे. मग गावोगावच्या मेळाव्यांत परकी माणसं एका टेबलाशी बसू लागली आणि १९७७ ते १९७९ या काळात ‘अॅडव्हान्स्ड’ नावाची तीन भरभक्कम पुस्तकं आली. पुढे १९८९, २०००, २००८, २०१४. आवृत्ती बदलली की दर वेळी वाद एकच: गोष्ट सांगणाऱ्यावर किती सोडायचं आणि पुस्तकाने किती बांधून घालायचं.

हा वाद त्या खेळाच्या पूर्वजांपासूनचा. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम मांडले, तक्ते आणि फाशांसकट. ते इतके किचकट झाले की अधिकारी कंटाळले. १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने उलटा मार्ग धरला: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. पुस्तकाकडून माणसाकडे.

आपली रंगभूमी त्याच सुमारास नेमकी उलट्या दिशेने चालली होती, माणसाकडून पुस्तकाकडे. वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये छापून आलं. त्यातला शब्दन् शब्द ठरलेला. अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले, आणि त्यात कौतुक होतं तितकाच टोमणाही असावा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त सूत्रधार नांदीनंतर निघूनच गेला. पदं पात्रांनी स्वतः म्हणायची. खेळ चालवणारा माणूस रंगमंचावरून हटला, त्याची जागा संहितेने घेतली. हे आवृत्ती बदलणं नव्हे तर काय? पुढे या नव्या आवृत्तीला ज्यांनी आकार दिला त्यांतले दोघे याच पट्ट्यातले: हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर.

आता नटाला मोकळीक उरली नाही, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ची १९१६ सालची मैफल आठवणाऱ्यांच्या पिढ्या संवादांविषयी बोलत नसत, बालगंधर्व एकेका पदात किती रमले आणि ‘वन्स मोअर’ किती घेतले, हे सांगत. बोलण्यातली जागा छापली गेली, तेव्हा मोकळीक गाण्यात शिरली. ‘कीचकवधा’चं तर विचारूच नका. १८७६ च्या कायद्याने नाटकावर सरकारची नजर बसलेली होती, पण १९०७ मध्ये आलेल्या या नाटकाच्या शब्दांत महाभारताबाहेरचं काही नव्हतं. कीचकाच्या जागी प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला. १९१० साली सरकारने बंदी घातली, ती पुस्तकात न छापलेल्या गोष्टीवर. आजही महाराष्ट्रात प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. भाव्यांना या मंडळाला काय द्यावं लागलं असतं, कोण जाणे. पदांची वही आणि रावणाची हमी?

पण छापण्याचा एक फायदा मान्यच करायला हवा. अमेरिकी खेळाच्या १९७८ च्या पुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा घातली होती, आकड्यात. आकडा छापलेला असल्यामुळे त्यावर बोट ठेवता आलं, भांडता आलं, आणि १९८९ च्या आवृत्तीत तो गेला. २०२४ च्या पुस्तकातून ‘वंश’ हा शब्दही तसाच काढला गेला. आपल्याकडे स्त्री-भूमिका पुरुषांनीच करायची, हा नियम भाव्यांच्या वहीत कुठेच नव्हता, कीर्तन्यांच्या पुस्तकातही नव्हता. लिहिलेलाच नव्हता तर खोडणार काय? स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या मध्ये झाल्या, पण प्रतिष्ठित रंगभूमीवर स्त्री-पुरुष एकत्र उभं राहणं रुळायला १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पर्यंत वाट पाहावी लागली. नव्वद वर्षं. मोकळ्या खेळाचं गुणगान करताना हा हिशेबही मांडावा.

भाव्यांचा प्रकार सांगलीतून गेला असंही नाही. त्याने वेस ओलांडली. शहराला लागून असलेल्या कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशात वगाचं कथानक ठरलेलं असे, बोलणं बरंचसं जागेवरचं. जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’त दोघेही हवालदार, आणि समोरच्या जत्रेतल्या पुढाऱ्यापासून पावसापर्यंत जे हाताला लागेल ते संवादात. ज्यांनी ‘अललडुर्र’ म्हणून नाक मुरडलं त्यांच्या नातवंडांनी याला लोककला म्हणून दाद दिली, हे आपल्या रीतीला धरूनच झालं.

भाव्यांनी उतारवयात, १८८५ साली, आपली आख्यानं ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून छापून घेतली. तोवर ‘शाकुंतल’ येऊन पाच वर्षं झाली होती. म्हणजे नियमपुस्तक छापलं गेलं ते खेळ मागे पडल्यावर. त्यात पदं आहेत. रावणाचं भाषण नाही, ते कधीच कोणी लिहून घेतलं नाही. उद्या सांगलीतल्या चार पोरांनी ते पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा घेऊन एखाद्या खोलीत ‘सीतास्वयंवर’ मांडलं, तर सूत्रधाराला पदं आयती मिळतील. रावण झालेल्याने पुस्तकी मराठीत बोलायचं की मिरजेच्या बाजारातल्या, आणि धनुष्य उचलताना फासा किती पडायला हवा, हे त्यांना आपसात ठरवावं लागेल.