फॉरमॅट मारण्याआधी

मशीन स्लो झालं, की फॉरमॅट मारायचा. वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत, खेरवाडीत, कोर्टाभोवतीच्या टायपिंगच्या दुकानांत गेली वीस-पंचवीस वर्षं हा सल्ला ऐकू येतो. देणाऱ्याला शंका नसते आणि घेणाराही ‘का’ म्हणून विचारत नाही. काही घरांत तर मशीन बिघडायचीही वाट पाहिली जात नाही. दिवाळीआधी माळा रिकामा करावा, तशी वर्षातून एकदा विंडोज पुसून नव्याने टाकली, की कॉम्प्युटरची काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. मला हा समज चुकीचा वाटतो, आणि निरुपद्रवी तर मुळीच वाटत नाही. ठरावीक मुदतीने विंडोज पुन्हा टाकायची आज बहुतेकांना गरज उरलेली नाही. मात्र उद्या सकाळी ती टाकायची वेळ आलीच, तर काहीही न गमावता टाकता आली पाहिजे. पहिलं काम आपण हौसेने करतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

सल्ला मुळात खोटा नव्हता. २००२ मध्ये एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा सुरू झाली, पुढे सरकारी नोकरीत ती आवश्यक ठरली, आणि अनेक मराठी मध्यमवर्गीय घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो याच सुमारास. लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला असेंबल्ड पीसी, त्यात विंडोज ९८ किंवा नवीकोरी एक्सपी, आणि बेताची रॅम. विंडोज ९८ची रजिस्ट्री, म्हणजे मशीनवरच्या झाडून सगळ्या प्रोग्रामच्या नोंदींचं खातं, अवघ्या दोन फायलींत असायची. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या नोंदी तिथेच पडून राहत. एका सॉफ्टवेअरने आणलेली डीएलएल फाइल दुसऱ्याच्या त्याच नावाच्या फाइलवर बसायची आणि काल चालणारा प्रोग्राम आज उघडेनासा व्हायचा. पेनड्राइव्ह लावला, की ऑटोरनच्या वाटेने व्हायरस आपोआप आत. अशा मशीनमध्ये बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला अख्खा दिवस गेला असता, आणि घरी येणाऱ्या इंजिनीअरला त्याच दिवशी आणखी चार घरं करायची असायची. तो सीडी घालायचा, सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा. एक्सपीच्या निळ्या पडद्यावर डावीकडे ३९ मिनिटं उरल्याचा आकडा यायचा, तेवढ्यात चहा व्हायचा. मग साउंडच्या आणि डिस्प्लेच्या ड्रायव्हरची सीडी, वर अँटीव्हायरस, आणि मशीन खरोखरच पळायला लागायचं. त्या काळाला तो उपाय शोभत होता.

पण त्याने दोन सवयी लावल्या आणि त्या काळ बदलला तरी सुटल्या नाहीत. ‘सी’मधलं जाईल, ‘डी’मधलं राहील, एवढंच इंजिनीअर सांगायचा. डेस्कटॉपवर ठेवलेलं आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये साठवलेलं सगळं ‘सी’मध्येच असतं, हे मालकाला ठाऊक नसायचं. मुलांचे फोटो, सोसायटीचे हिशेब, कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध असं बरंच काही या अज्ञानात गेलं. दुसरी सवय मला अधिक घातक वाटते. कारण शोधायचंच नाही, ही ती सवय. हार्ड डिस्कचे सेक्टर खराब होत चालले असतील, तर नवी विंडोजही त्याच खराब डिस्कवर बसणार. चार महिन्यांनी पुन्हा तोच त्रास, पुन्हा तोच फॉरमॅट, आणि एके दिवशी डिस्कच बंद. तोवर एकदाही कुणी म्हणालेलं नसतं, की आधी डिस्क तपासू या.

पुण्यात फॉरमॅटच्या या काळाच्याही आधी काही जणांनी उलटी वाट धरली होती. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते ओळखून काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. डिस्क पुसून गिऱ्हाईक वाटेला लावणं सोपं होतं. त्यांनी बिघाड समजून घेतला, आणि त्यातून ‘क्विक हील’ हे अँटीव्हायरस उभं राहिलं. दुरुस्ती म्हणजे आधी निदान, हे त्या दोघा भावांनी धंद्यात करून दाखवलं, म्हणून मला ही गोष्ट मोलाची वाटते.

आजची विंडोज वेगळी आहे. विंडोज १० पासून मोठं अपडेट येतं, तेव्हा जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला सरकते, नवी मांडली जाते आणि आपल्या फायली, प्रोग्राम, सेटिंग्ज तिच्यात आणून बसवली जातात. म्हणजे आपण ज्यासाठी इंजिनीअर बोलावतो, त्यातलं बरंचसं काम ती अधूनमधून स्वतःच करत असते. एसएसडीमुळे फायली डिस्कभर विखुरल्या तरी वेग फारसा पडत नाही. तरीही मशीन मंदावतंच. कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. चालू होतानाच दहा-बारा प्रोग्राम सोबत उठतात, ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनची रांग लागलेली असते, ‘सी’ काठोकाठ भरलेला असतो, किंवा चार जीबी रॅमवर आठ जीबीचं काम चाललेलं असतं.

वांद्र्यात आणखी एक कारण आहे, धूळ. मेट्रोची कामं, पाडकाम, जागोजागी पुनर्विकास, आणि रेक्लमेशनच्या बाजूला खारा वारा. लॅपटॉपच्या पंख्यावर राखाडी नमद्यासारखा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. अशा लॅपटॉपवर दहा वेळा विंडोज टाकली तरी काही फरक पडणार नाही. पाठीमागचं झाकण उघडून ब्रशने पंखा साफ केला आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, तर पडेल.

आता दुसरं टोक. माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांच्या दुकानात एक जुना एक्सपीचा पीसी आहे. त्याला फॉरमॅट तर सोडाच, कुणी हातही लावायचा नाही, असा दंडक आहे. नेटची वायर काढून ठेवलेली. मागच्या पॅरलल पोर्टमध्ये फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक खोचलेलं, वर पेजमेकर. “साहेब, हे मशीन बसलं तर मी बसलो,” काका म्हणतात, आणि ते खरंच आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असा आयुष्यभराचा मजकूर त्यात आहे आणि तो दुसऱ्या कुठल्या मशीनवर वाचता येत नाही.

न वाचता येण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये फायलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा वापरलेल्या असतात आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. प्रत्येक कंपनीच्या जागा वेगळ्या. नवी विंडोज टाकली आणि तो फॉन्ट गेला, की फाइल शाबूत राहते, मजकूर मात्र अगम्य होतो. तो युनिकोडमध्ये आणायचा म्हटलं तरी एकास एक बदलून भागत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी आणि मग ‘क’ साठवलेला असतो, युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मागून वेलांटी. रफाराचं याच्या उलट. ‘सूर्य’मधला रफार जुन्या फायलीत ‘य’च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘य’च्या आधी. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांवर डोळ्यांत तेल घालून मुद्रितं वाचावी लागतात.

दर वर्षी फॉरमॅट मारणारा आणि कधीच मारू न धजणारा, ही दोन माणसं वरवर अगदी विरुद्ध दिसतात. दोघांची अडचण माझ्या मते एकच आहे. मशीनवर आपलं काय आहे आणि बाजारातून पुन्हा आणता येण्याजोगं काय आहे, याचा हिशेब दोघांकडेही नाही. म्हणून एक जण सगळंच पुसतो आणि दुसरा सगळंच जपतो.

हा हिशेब केवढा मोठा असू शकतो, ते आपल्या खाडीपलीकडे न्हावा-शेवाला दिसलं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस पसरला आणि काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं बंद पडलं. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल याच समूहाकडे होतं. कोणता कंटेनर कुणाचा, हे सांगणारी यंत्रणाच थांबल्यामुळे तिथलं काम ठप्प झालं. नॉटपेट्या खंडणी मागत असे, पण पैसे भरूनही डिस्क उघडण्याची सोय त्यात नव्हती. उपाय एकच उरला, सगळं नव्याने टाकायचं. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम स्नाबे यांनी पुढे दावोसला सांगितलं, की ४५ हजार पीसी आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत पुन्हा उभे केले.

एवढी मशीन दहा दिवसांत उभी राहिली, कारण विंडोज कुठेही मिळते. अडलं होतं ते निराळ्याच जागी. कंपनीतला कोण माणूस, कोणतं मशीन, कुणाला कशाची परवानगी, याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, आणि ते सगळे एकदमच गेले. वाचला तो एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्यामुळे तो जाळ्यातून सुटला होता. तिथून नेटवरून एवढा डेटा पाठवणं फार वेळखाऊ होतं, म्हणून कर्मचाऱ्यांनी तो हार्ड डिस्कवर घालून नायजेरियामार्गे विमानाने लंडनला पोहोचवला. कंपनीचं नुकसान तिच्याच अंदाजाने २० ते ३० कोटी डॉलरचं झालं. ते आणखी किती वाढलं असतं, हे आफ्रिकेतल्या एका वीजकपातीने ठरवलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण १९ जुलै २०२४चं आहे. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या रांगा तुंबल्या, देशात काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. त्या दिवशी विंडोज पुन्हा टाकायची गरज नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली, की मशीन सुरू होत होतं. तरी पुष्कळांचा खोळंबा झाला, कारण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नव्हती. काही ठिकाणी तर त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर, तोही त्याच निळ्या पडद्यावर.

ही की आता घराघरांतल्या लॅपटॉपलाही लागू आहे. विंडोज ११च्या नव्या मशीनवर बहुधा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. खातं कुठल्या ईमेलवर उघडलं होतं, ते दुकानदाराने परस्पर उघडलं होतं का, हे आज शांतपणे बसून पाहायला हवं. की कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फायलींची प्रत असावी आणि ती डिस्क कायम लॅपटॉपला जोडलेली नसावी, नाहीतर व्हायरस दोन्हीवर एकदमच हात मारतो. त्या प्रतीतून एखादी फाइल काढून उघडूनही पाहावी. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. कोणतं सॉफ्टवेअर कुठून घेतलं, त्याचं लायसन्स कुणाच्या नावावर, हे वहीच्या एका पानात मावतं. एवढं झालं, की फॉरमॅट हा दुपारभराचा खेळ होतो. लॅपटॉप विकायचा असेल, जुना विकत घेतला असेल, व्हायरस शिरला अशी खात्री असेल, तर तो खुशाल मारावा. तिथे मी अर्धवट डागडुजीच्या विरुद्धच आहे.

प्रश्न आता तातडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. २०१७ किंवा त्याआधीच्या बहुतेक पीसींवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कारण तिला ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही चिप लागते. त्यामुळे मशीन बदलणं, लिनक्स टाकणं किंवा नेट तोडून जुनंच चालवणं यांपैकी काहीतरी घराघरांत, दुकानादुकानांत ठरवावं लागणार आहे. या गडबडीत जुने पीसी भंगारात जातील, आणि त्यांच्याबरोबर काकांच्या दुकानातल्यासारखा मजकूरही. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास ही लेखकांची वसाहत आहे, म्हणून ही गोष्ट मला इथे अधिक लागते. एका अख्ख्या पिढीच्या कथा, लेख, पत्रं, शोधनिबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झाले आहेत. छापलं गेलं ते ग्रंथालयात सापडेल, न छापलेलं फक्त त्या फायलींत आहे. ज्या घरांत, ज्या प्रेसमध्ये असा पीसी अजून सुरू होतो, तिथे तो हलवण्याआधी प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ काढावी, मूळ फाइल आणि तिचा फॉन्ट दोन्ही सोबत जपावेत, आणि मग सवडीने, रफार आणि वेलांट्या तपासत, मजकूर युनिकोडमध्ये आणावा. विद्यापीठांचे मराठी विभाग आणि मुंबईतली जुनी ग्रंथालयं यांनी हे काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. जुने फॉन्ट ओळखणारी आणि त्यांवर हात बसलेली डीटीपीवाली माणसं आज वांद्र्यात, गिरगावात, दादरला दुकानं उघडून बसलेली आहेत. त्यांना रीतसर मेहनताना देऊन बोलावता येईल.